‘स्वदेशी’ फ्लाइट सिम्युलेटरच्या नावाखाली १,३६,४०८ रुपयांचा चुना

आकडा आधीच सांगून टाकतो: १,३६,४०८ रुपये. नागपुरात, माझ्याच क्लासमध्ये, माझ्याच खुर्चीवर बसून, माझ्याच घरचा चहा पिऊन एका माणसाने नेले. बदल्यात जे दिलं ते कुणालाही घरबसल्या फुकट मिळतं. त्याचं नाव फ्लाइटगिअर, कॉम्प्युटरवर विमान उडवायचा प्रोग्राम. मी मानेवाड्याकडे कॉम्प्युटर क्लास चालवतो आणि त्यात लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम, शिकवतो. हो, लिनक्सच. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, माझ्या साळ्यांचं कधीच हसून झालंय.

कंपनीचं नाव लिहीत नाही, वकिलांनी मनाई केली आहे. गंडवण्याची रीत नेहमीचीच: आधी ओळखीच्या माणसाकडून फोन, मग ‘विदर्भात पाचच सेंटर देऊन राहिलो सर’, मग ‘या आठवड्यात बुक केलं तर’. तो भाग सगळ्यांना पाठ आहे. नवीन होता तो माल. लिनक्सवर चालणारं संपूर्ण स्वदेशी फ्लाइट सिम्युलेटर, पुण्याच्या इंजिनिअरांनी चार वर्षं खपून लिहिलेलं, आणि त्यावर केलेले चाळीस तास पायलटच्या लायसन्सला धरले जातात. मिहान या विमानतळाजवळच्या औद्योगिक प्रकल्पामुळे आमच्याकडच्या पोरांना विमानाचं आधीच वेड. एअर इंडियासाठी बांधलेला विमान दुरुस्तीचा कारखाना तिथे आहे, सोनेगावचं विमानतळ डोळ्यासमोर. पालक विचारतच असतात, ‘सर, एव्हिएशनचं काही आहे का?’ मी काही हवेत इमले बांधत नव्हतो, मागणी खरी होती.

बिल असं होतं. तीन सीटचे परवाने, प्रत्येकी २४,५०० प्रमाणे ७३,५००. जॉयस्टिक आणि थ्रॉटलचे तीन संच, ८,२०० प्रमाणे २४,६००. माझं ‘प्रशिक्षक प्रमाणपत्र’ ११,०००. ‘नागपूर सीनरी पॅक’ ६,५००. बेरीज १,१५,६००, त्यावर अठरा टक्के जीएसटी २०,८०८. पन्नास हजार यूपीआयने, उरलेले ८६,४०८ बँकेतून. बिलावरचा जीएसटी नंबर पैसे देण्याआधी मोजा, शोधायचं पुढचं पुढे. तो पंधरा अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्राचा असेल तर २७ ने सुरू होतो. माझ्या बिलावर २७ होतं, पण अक्षरं चौदाच होती. म्हणजे ते २०,८०८ सरकारकडे गेलेच नाहीत.

आता डेमोबद्दल. झोप उडते ती यानेच.

त्याने स्वतःचा लॅपटॉप लावला, पेनड्राइव्हसारखा एक ‘डोंगल’ खोचला आणि आयकॉनवर क्लिक केलं. एक क्षण काळी टर्मिनल खिडकी (जिथे टाइप करून हुकूम देतात ती) उघडली, चार-पाच ओळी सरकल्या, आणि लगेच पूर्ण स्क्रीनभर झिरो माइलचा दगड, त्यामागे तिरंगा, खाली कंपनीचं नाव. मग धावपट्टी. सोनेगावचीच, १४ आणि ३२ हे आकडे रंगवलेली. सेसना १७२ हे छोटं विमान उभं. त्याने इंजिन सुरू केलं, विमान पळवलं, अंबाझरीच्या दिशेने वळवलं. खाली तलाव दिसला तेव्हा मागे उभी असलेली पोरं ओरडली. मी मात्र ती काळी खिडकी पाहिली होती. दिवसभर टर्मिनलमध्ये बसणारा माणूस मी, माझा हात आपोआप ऑल्ट-टॅबकडे, म्हणजे दुसरी खिडकी समोर आणणाऱ्या बटणांकडे, गेला. त्याने माझं मनगट धरलं, प्रेमाने, आणि म्हणाला, ‘सर, ऑल्ट-टॅब नका मारू, सेन्सरचं कॅलिब्रेशन जाते.’

कसला सेन्सर! जॉयस्टिकचं कॅलिब्रेशन ऑल्ट-टॅबने कसं जाईल? हे मी पहिल्या बॅचच्या पोराला समजावून सांगू शकतो. त्या क्षणी ते दाबलं असतं तर खिडकीवरचं फ्लाइटगिअर हे नाव दिसलं असतं आणि गडी चहा अर्धा टाकून निघाला असता. पण पाहुण्याने हात धरल्यावर तो झटकायचा कसा? आपल्याकडे तेवढी भीड असतेच. शिवाय मला लिनक्स येतं ते सर्व्हरचं: अपाचे, बॅश, क्रॉन, पोरांना सी प्लस प्लस. विमानाच्या सिम्युलेटरशी माझा कधी संबंध येणार होता? हृदयाच्या डॉक्टरला कुणी दाढ का काढता आली नाही म्हणून विचारत नाही.

भांडं फुटलं ते रडरमुळे, म्हणजे विमानाच्या शेपटीवरच्या सुकाणूमुळे. जॉयस्टिक पिळली की विमान उलट्या बाजूला वळायचं. कंपनीला फोन केला, ‘इंजिनिअर पाठवतो, व्हिजिट चार्ज १,८००.’ मी म्हटलं, अक्षाची दिशाच तर बदलायची आहे, कुठेतरी फाइल असणारच. होम फोल्डरमधल्या लपलेल्या फायली उघडल्या आणि ‘.एफजीएफएस’ नावाचं फोल्डर समोर आलं. आत ‘एफजीएफएस.लॉग’. त्याच्या वरच्याच ओळींत लिहिलेलं: फ्लाइटगिअर, आवृत्ती २०२०.३. मग मी थांबलो नाही. तो क्लिक करायचा आयकॉन म्हणजे बॅशची एक चिमुकली स्क्रिप्ट होती: पेनड्राइव्ह लावलाय का बघ, असेल तर ‘एफजीएफएस’, म्हणजे फ्लाइटगिअरच, चालव. जोडलेली यूएसबी उपकरणं दाखवणारा ‘एलएसयूएसबी’ हुकूम ‘डोंगल’साठी मारला तर चार जीबीचा साधा पेनड्राइव्ह निघाला. मदतीच्या मेनूतून ‘अबाउट’ची ओळ खोडलेली, परवान्याची फाइल उडवलेली. पण आळशी चोर! सेसनाच्या एक्सएमएल फायलींमध्ये मूळ लेखकांची नावं जशीच्या तशी राहून गेली होती. पुण्याचं त्यात कुणी नव्हतं. आणि ६,५०० रुपयांचं ‘नागपूर सीनरी पॅक’? ‘ई०७०एन२०’ या फोल्डरमध्ये ‘ई०७९एन२१’, म्हणजे आपले ७९ रेखांश, २१ अक्षांश. टेरासिंक हा भाग चालू ठेवला की फ्लाइटगिअर हेच इंटरनेटवरून आपोआप उतरवून घेतं. विमानतळाच्या जागी व्हीएएनपी हा सोनेगावचा कोड टाका, झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: फ्लाइटगिअरची कल्पना १९९६ मध्ये निघाली, १९९७ मध्ये पहिली आवृत्ती आली. तेव्हापासून जगभरचे हौशी लोक ते लिहीत आहेत. गाभा सी प्लस प्लसचा, विमान हवेत कसं वागेल याचं गणित जेएसबीसिम किंवा यासिममध्ये, विमानातली बटणं आणि यंत्रणा नॅसल नावाच्या छोट्या भाषेत. उबुंटूवर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल फ्लाइटगिअर’ एवढं लिहिलं की येतं. सोर्सही, म्हणजे प्रोग्रामचा मूळ कोडही, उघडा आहे. मी रागारागात तोही उतरवला, आधी त्याला लागणारं सिमगिअर, मग फ्लाइटगिअर असं सीमेक या साधनाने बांधलं, आणि रडरची दिशा जॉयस्टिकच्या एक्सएमएल फाइलमध्ये उणे एकने गुणून सरळ केली. व्हिजिट चार्ज शून्य.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढे पोलीस ठाण्यात सगळा घोळ यावरच झाला. फ्लाइटगिअर जीपीएल या खुल्या सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली आहे. ते विकणं गुन्हा नाही, कुणी सीडीत भरून हजाराला विकलं तरी चालतं. पण विकताना तो परवाना सोबत द्यावा लागतो, आणि सोर्स द्यावा लागतो किंवा मागाल तेव्हा देऊ असं किमान तीन वर्षांसाठी लेखी द्यावं लागतं. लेखकांची नावं खोडून आमच्या इंजिनिअरांनी लिहिलं म्हणता येत नाही. मी ईमेल करून सोर्स मागितला. उत्तर आलं: ‘ट्रेड सीक्रेट.’ तो ईमेल छापून ठेवलाय. तुम्हीही सगळं लेखी मागा, फोनवरचं बोलणं कुठेच चालत नाही.

आणि ते चाळीस तास! कमर्शियल पायलटच्या लायसन्सला २०० तास उड्डाण लागतं. सिम्युलेटरचे जे थोडे तास धरतात ते डीजीसीएने, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक महासंचालनालयाने, मंजूर केलेल्या यंत्रावरचे. क्लासमधल्या पीसीवरचं एक मिनिटसुद्धा लॉगबुकात चढत नाही. मंजुरीचं पत्र दाखवा म्हणा, तिथेच बोबडी वळते.

आता आपल्या रक्षकांकडे येऊ. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडून विचारणा: ओटीपी सांगितला का? लिंक उघडली का? स्क्रीन शेअर केली का? नाही, नाही, नाही. ‘मग पैसे कसे गेले?’ मीच दिले. ‘मग फसवणूक काय झाली, सर?’ तक्रार नोंदवून घेतली, पावती क्रमांक दिला, पण तोपर्यंत कंपनीच्या खात्यातून पैसे निघून गेले होते. जे करायचं ते पैसे गेल्याबरोबर करा, हे मात्र खरं. मी बिचारा आधी कंपनीशी सभ्यपणे बोलत बसलो.

ठाण्यात गेलो. साहेबांनी सगळं ऐकलं, मग म्हणाले, ‘मास्तर, विमान उडते का तुमचं?’ उडते. ‘मशीन भेटली, जॉयस्टिक भेटली, बिल भेटलं. हे दिवाणी आहे.’ मी म्हटलं, साहेब, हे फुकट मिळतं. ते म्हणाले, ‘फुकट आहे तर तुमचं नुकसान काऊन झालं?’ एवढा अचाट तर्क मी आयुष्यात ऐकला नव्हता. सायबरला जा म्हणाले. सायबरवाले म्हणाले, ठाण्याला जा. तिकडून ऐकायला मिळालं की कंपनीचा पत्ता आमच्या हद्दीत नाही. हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच ते आहे. कागद छापून नेला. ‘ठेवून जा’ म्हणाले. ठेवून आलो. भारतीय न्याय संहितेचं ३१८, म्हणजे फसवणुकीचं कलम, लावा म्हटलं, तर साहेब माझ्याकडे असे पाहतात जसा मीच आरोपी.

बँक म्हणाली, व्यवहार तुम्हीच मंजूर केलाय. जीएसटीवाल्यांनी नंबर खोटा असल्याचं तोंडी सांगितलं, लेखी दिलं नाही. ग्राहक आयोगाच्या कार्यालयात बाबू म्हणाले, क्लास म्हणजे धंदा, तुम्ही ग्राहक नाही. हे तर धडधडीत चूक. २०१९ च्या कायद्यात ग्राहकाच्या व्याख्येतच स्पष्टीकरण आहे की स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत धरत नाहीत. मी एकटा शिकवतो, नोकर नाही, चाकर नाही. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्कही नाही. ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या सरकारी पोर्टलवर स्वतःच अर्ज भरलाय, तारीख पडायची आहे. सांगायचं एवढंच की खिडकीवरच्या माणसाचं ऐकून परत फिरू नका.

बॅच घेतली होती, सात पोरांची, प्रत्येकी ३,५००. चाळीस तासांचं खोटं माझ्या तोंडून त्यांच्यापर्यंत गेलं, म्हणून सगळे २४,५०० परत केले. त्यातले तिघे अजून येतात, फुकटच्या फ्लाइटगिअरवर बसतात. एकाने सोनेगाव विमानतळाची टर्मिनल इमारत थ्रीडीत करायला घेतलंय. एक पालक मात्र पैसे मोजून घेताना म्हणाले, ‘सर, तुम्हीच असे फसता तर आम्ही काय?’ याला उत्तर नव्हतं माझ्याकडे.

ऐकतो की तीच मंडळी आता अमरावती आणि चंद्रपूरकडे डेमो देऊन राहिली, झिरो माइल काढून तिथलं काहीतरी चित्र लावलंय. कुणाच्या क्लासमध्ये किंवा शाळेत आले तर ऑल्ट-टॅब मारा, हात धरला तरी मारा. आणि आधीच पैसे दिले असतील तर बिलावरच्या जीएसटी नंबरची अक्षरं मोजा. चौदा भरली तर ठाण्यात जाताना मला सोबत घ्या, माझी सगळी कागदपत्रं तयार आहेत. एकट्याला दिवाणी म्हणून परत पाठवतात, एकाच बिलाच्या दोन तक्रारी टेबलावर पडल्या की तसं म्हणणं जड जाईल.