घरातले दोन कॉम्प्युटर जोडायचेत: डायरेक्ट केबल, राउटर, वायफाय की हार्डडिस्क?

मी घरून व्हिडिओ एडिटिंग करते, भांडुपला वन बीएचके आहे, जुना डेस्कटॉप हॉलमध्ये आणि नवीन लॅपटॉप बेडरूममध्ये. यंदा विसर्जनानंतर मंडळाचं सगळं फुटेज मिळून ४८० जीबी डेस्कटॉपवरून लॅपटॉपवर न्यायचं होतं आणि तेव्हा हे सगळे प्रकार एकेक करून बघितले, म्हणून ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांच्यासाठी लिहितेय.

आधी वायफाय, कारण सगळे तिथूनच सुरू करतात. आमच्या बिल्डिंगमध्ये वायफायची लिस्ट उघडली की पंचवीस-तीस नावं दिसतात, भिंतीला भिंत लागून घरं, आणि २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न घुसणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. त्यात तुमची दोन्ही मशीन वायफायवर असतील तर प्रत्येक फाईल आधी हवेतून राउटरकडे जाते आणि मग परत हवेतूनच दुसऱ्या मशीनकडे, म्हणजे तोच वेळ दोनदा खर्च. माझ्याकडे सेकंदाला ६ एमबीच्या वर जाईना, म्हणजे ४८० जीबीला बावीस तास. चार फोटो आणि एखादी पीडीएफ पाठवायची असेल तर वायफायच वापरा, उगाच वायरीच्या भानगडीत पडू नका.

एक्स्टर्नल हार्डडिस्क घरात असेल तर ती वाईट नाही. फक्त कॉपी दोनदा होते, एकदा डिस्कवर आणि एकदा डिस्कवरून, तेव्हा यूएसबी ३ असली तरी अडीच-तीन तास धरा. पण जाता जाता तिसरी कॉपी हातात राहते, आणि लोकांच्या लग्नाचं नाहीतर मंडळाचं फुटेज असेल तर मला तरी ती पाहिजेच. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल, म्हणजे त्या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, तर ४ जीबीच्या वरची एक फाईलसुद्धा घेत नाही, त्यामुळे व्हिडिओवाल्यांनी तिकडे जाऊच नका.

आता खरा प्रश्न, डायरेक्ट केबल, म्हणजे एका मशीनमधून थेट दुसऱ्यात, की राउटरमधून. इथे खूप जणांचा गैरसमज असतो की राउटरमधून गेलं की नेटचा प्लॅन वापरला जातो किंवा प्लॅन ५० एमबीपीएसचा आहे म्हणून कॉपीपण तेवढ्याच स्पीडने होणार. तसं काही नाही हो. राउटरच्या मागे केबल लावायचे जे लॅन पोर्ट असतात ते आतल्या आत एकमेकांना जोडलेले असतात, फाईल घराबाहेर जातच नाही, नेट बंद असलं तरी कॉपी चालते. म्हणून राउटरचे पोर्ट गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचे असतील (एमबीपीएस हे बिटमध्ये असतं, आठ बिटचा एक बाइट, म्हणून एमबीमध्ये आकडा आठपट लहान दिसतो) तर डायरेक्ट केबलने एक पैशाचाही स्पीड वाढत नाही, दोन्हीकडे सेकंदाला ११० एमबीच्या आसपासच मिळतो. अशा वेळी दोन्ही मशीन राउटरला लावा आणि निवांत बसा, आयपी (नेटवर्कवरचा मशीनचा पत्ता) राउटर देतो, तुम्हाला सेटिंगमध्ये हात घालायला नको.

गोची तिथे होते जिथे नेटवाल्याने बसवलेल्या राउटरचे लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात. माझा तसाच निघाला. सेकंदाला ११ एमबी, म्हणजे ४८० जीबीला बारा तास. तेव्हा डायरेक्ट केबल लावली आणि सव्वा तासात काम झालं.

पूर्वी यासाठी क्रॉस केबल लागायची, एका टोकाला वायरींचा क्रम वेगळा करून क्रिम्प केलेली. आता गरज नाही, गिगाबिटवाले लॅन कार्ड ते आपलं आपण ओळखतात, कॅट ५ई किंवा कॅट ६ प्रकारची साधी लॅन केबल चालते, आणि १०० मीटरपर्यंत चालते म्हणजे मुंबईतल्या कुठल्याही फ्लॅटला पुरून उरेल.

पण डायरेक्टमध्ये आयपी द्यायला मधे कोणी नसतं. काही नाही केलं तर विंडोज स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतो, त्यावरही चालतं, पण मी हाताने देते, एकाला १९२.१६८.५०.१ आणि दुसऱ्याला १९२.१६८.५०.२, सबनेट २५५.२५५.२५५.०, आणि गेटवे (नेटकडे जायचा रस्ता, एरवी राउटरचा पत्ता) रिकामा सोडायचा, म्हणजे नेट वायफायवरून चालू राहतं आणि कॉपी केबलवरून. मग फोल्डर शेअर करून दुसरीकडे एक्स्प्लोररमध्ये दोन बॅकस्लॅश आणि आयपी टाकायचा. इथे दोन ठिकाणी लोक अडकतात. एक, विंडोज अशा जोडणीला पब्लिक नेटवर्क समजतो आणि शेअरिंग अडवतो, तेव्हा पब्लिकखालचं फाईल शेअरिंग कामापुरतं चालू करा आणि झाल्यावर आठवणीने बंद करा, कारण तोच लॅपटॉप उद्या तुम्ही एखाद्या कॅफेच्या वायफायला लावणार आहात. दोन, पासवर्ड विचारला की पिन चालत नाही, अकाउंटचा पासवर्डच लागतो, आणि लोकल अकाउंटला पासवर्डच ठेवला नसेल तर विंडोज आत घेत नाही.

एक स्वतःचा अनुभव सांगते. दुसऱ्या दिवशी परत केबल लावली तर कॉपीच्या खिडकीत ११.२ एमबी. डायरेक्ट असूनही! सेटिंग सगळी उलटसुलट केली, काही फरक नाही. शेवटी केबल हातात घेऊन बोटाने चाचपत गेले तर बेडरूमच्या दाराच्या फटीत ती चेपून चपटी झाली होती. गिगाबिटला आतल्या आठही वायरी लागतात, १०० ला चारच पुरतात, त्यामुळे त्या चार सोडून बाकीच्यांतली एखादी तुटली तर जोडणी बंद पडत नाही, गुपचूप १०० वर उतरते आणि आपल्याला वाटतं कॉम्प्युटर म्हातारा झाला. म्हणून ११ च्या आसपास आकडा दिसला की आधी केबल बदलून बघा.

तर माझं मत असं: आधी राउटरचे पोर्ट बघा, गिगाबिट असतील तर विषय संपला. नसतील आणि काम एकदाचंच असेल, जुन्या मशीनवरचं सगळं नव्यावर न्यायचंय वगैरे, तर डायरेक्ट केबल, दोन-तीनशे रुपयांत काम. रोजचंच असेल तर डायरेक्टच्या नादी लागू नका, पाच पोर्टचा गिगाबिट स्विच (केबलने बरीच मशीन एकमेकांना जोडणारा डबा) घ्या, साधारण हजार-दीड हजाराला येतो, दोन्ही मशीन आणि राउटर त्याला लावा, उद्या तिसरं मशीन आलं तरी जागा आहे. अपवाद एकच, दोन्हीकडे २.५ गिगाबिटचे पोर्ट आणि एसएसडी असतील तर डायरेक्ट केबल गिगाबिट स्विचच्या दुपटीहून जास्त पळते. जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर मात्र तीच आधी दमते.

लॅपटॉपला लॅन पोर्ट नसेल तर यूएसबीवाला अडॅप्टर लागेल, तो यूएसबी ३ आणि गिगाबिट लिहिलेलाच घ्या. लॅमिंग्टन रोडला केबल घ्यायला गेलात तर फुल कॉपर आहे का हे विचारून घ्या, अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल सर्रास मिळते आणि ती दोन-चारदा दुमडली की तुटते. दारातून न्यायची असेल तर चपटी घ्या, मी आता तीच घेतलीये.