किल्ट रोज वापरायचा तर चुण्या कोणत्या: नाइफ, बॉक्स की किंग्यूसी?

किल्ट म्हणजे स्कॉटलंडमधल्या पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा चुणीदार पोशाख. पुढून सगळे किल्ट सारखेच दिसतात. पुढे दोन सपाट पल्ले एकावर एक येतात, उजव्या कमरेला पट्टे-बकल. खरा फरक पाठीमागे, चुण्यांत. दुकानात टार्टनच्या, म्हणजे किल्टच्या चौकटीच्या कापडाच्या, रंगावर तासभर खल होतो, पण बसताना, चालताना, इस्त्री करताना रोज गाठ पडते ती चुण्यांशी.

कापडाचा हिशेब वारात होतो. आठवारी म्हटलं की नऊवारीची आठवण येईल, पण इथे आठ वार म्हणजे एकेरी पन्ह्याचे. दुहेरी पन्ह्याचं कापड चारच वार घेतात आणि उभं कापून जोडतात. १६ औंसी म्हणजे दुहेरी पन्ह्याच्या एका वाराचं वजन १६ औंस. म्हणून १६ औंसी आठवारी किल्ट साधारण १.८ किलोचा, चारवारी त्याच्या निम्मा, ९०० ग्रॅमच्या आसपास. अस्तर आणि पट्टे वेगळे.

आता थर मोजू. नितंबाचा घेर ४० इंच धरा. आठवारीत २८८ इंच कापड असतं. दोन्ही पल्ले, बाजूच्या खोल घड्या आणि झालर यांत सुमारे ६० इंच जातात. उरलेले २२८ इंच पाठीमागच्या २० इंचांत बसवायचे, म्हणजे कुठेही बोट ठेवा, खाली सरासरी ११ थर. पाचवारीत हाच आकडा ६ आणि चारवारीत जेमतेम ४. आरामाचा बहुतेक निकाल या आकड्यावरच लागतो, चुणीचं नाव नंतर.

नाइफ प्लीटमध्ये सगळ्या चुण्या एकाच दिशेला वळलेल्या असतात. आठवारीत साधारण २५ ते ३०, प्रत्येकीचा पाऊण इंच बाहेर दिसतो, बाकी आत. चालताना जो डौलदार झोका येतो तो या खोलीमुळे. वजनामुळे वाऱ्यातही किल्ट जागेवर राहतो. पण ११ थर लोकर मांडीखाली घेऊन दोन तास गाडी चालवणं म्हणजे उशीवर बसणं, आणि तीही तापणारी. बसताना तळहाताची मागची बाजू चुण्यांवरून घडीच्या दिशेनेच फिरवायची. गाडीच्या सीटवर उलट दिशेला सरकलात तर चार-पाच चुण्या उलटतात आणि उठल्यावर भलतीच मोड दिसते. कमरेपासून नितंबापर्यंतचा शिवलेला भाग जाड होऊ नये म्हणून कारागीर आतलं जादा कापड कापून काढतात. हे टाळलेल्या स्वस्त आठवारीत पट्ट्याखाली गाठोडं बांधल्यासारखं वाटतं.

बॉक्स प्लीट आपल्याकडे शाळेच्या स्कर्टमुळे ओळखीची: मध्ये सपाट पट्टी, दोन्ही कडा खाली दुमडलेल्या. किल्टमध्ये हीच पद्धत जुनी. अठराव्या शतकाच्या अखेरचे शिवलेले किल्ट बॉक्स चुण्यांचे आणि कमी कापडाचे होते. नाइफ चुण्यांचं प्रस्थ पुढच्या शतकातलं. चारवारीत दीड-दोन इंच रुंदीच्या दहा-बारा चुण्या बसतात. पाठ सपाट राहते, खुर्चीत बसल्याचं जाणवत नाही, सुटकेसमध्ये घडी करून ठेवता येतो. मात्र कडा दोन्ही दिशांना असल्याने सीटवर कुठेही सरका, एक बाजू अडतेच. म्हणून सरकायचं नाही, उभ्याने हात खाली फिरवून सरळ बसायचं. दुसरी अडचण मापाची. नितंबाला किल्ट अर्धा इंच जरी घट्ट झाला तरी चुण्या फाकतात आणि आतल्या खाचा उघड्या पडतात. नाइफमध्ये तेवढी चूक झाकली जाते. झोका कमी असतो, हे वेगळं सांगायला नको.

किंग्यूसीत पाठीच्या मधोमध एक बॉक्स आणि तिच्या दोन्ही बाजूंना नाइफ चुण्या, एकमेकींकडे पाठ करून. दिसायला छान. पण आरामाच्या दृष्टीने थरांचा आकडा नाइफइतकाच राहतो, आणि बसताना हात मधून दोन दिशांना फिरवावा लागतो.

चुणीवर टार्टनची पूर्ण चौकट जुळवायची की प्रत्येक चुणीवर एकच पट्टी आणायची, हा निव्वळ दिसण्याचा प्रश्न. आरामात फरक शून्य.

इस्त्रीत मात्र फरक पडतो. आधी चुण्या कच्च्या टाक्यांनी खालपर्यंत बांधायच्या, मग ओलं सुती कापड घालून इस्त्री ठेवायची आणि उचलायची, घासायची नाही. टाके न घालता दाबली की घडीशेजारी दुसरी रेघ उमटते आणि ती जाता जात नाही. २८ चुण्यांना टाके घालण्यात संध्याकाळ जाते, दहांना पाऊण तास. लॉन्ड्रीत देण्याआधी टाके स्वतः घालून द्या.

निवड करताना लोक चुकतात ती हलकं कापड घेऊन. रोजच्यासाठी हलका हवा म्हणून १० औंसी कापडात चारवारी शिवला की चुण्या पडत नाहीत, वाऱ्यात उडतात आणि बसून उठल्यावर चुरगळलेल्याच राहतात. कापड जड आणि वार कमी, हाच मेळ चालतो: १६ औंसी चारवारी बॉक्स. तो बहुधा मापानेच शिवून घ्यावा लागतो, तयार मिळणं कठीण. तयारच हवा असेल तर १३ औंसी पाचवारी नाइफ घ्या. वजन जवळपास तेवढंच, पण चुण्या उथळ असल्याने मोठं पाऊल टाकल्यावर पटकन मिटत नाहीत. आठवारी तेव्हाच, जेव्हा लग्न-समारंभ आणि केली (स्कॉटिश नाच-गाण्याचा मेळावा) इथल्या नाचासाठी तोच वापरायचा आहे.

सुती यूटिलिटी किल्टही रोजच्या वापरात दिसतो. सुती कापड घडी धरत नाही, म्हणून चुण्यांच्या कडेवर शिलाई मारलेली आहे ना ते बघा. शिवाय लोकरी किल्टची खालची कड कापडाच्या किनारीचीच असते, दुमडलेली नसते. सुतीत ती दुमडून शिवलेली असते आणि पावसात भिजली की गुडघ्यामागे घासते.