दणकट इंजिनाचं नाव सांगून थकलेली पिकअप गळ्यात मारतात: सेकंडहँड घेणाऱ्यांनी आधी वाचा

तुर्भ्याच्या एका भाजी वाहतूकदाराने ठाण्यातल्या एका दलालाकडून सेकंडहँड बोलेरो पिकअप घेतली. दलालाचं बोलणं ठरलेलं होतं: "अडीच लिटरचं इंजिन आहे शेठ, हे मरत नाही. हाफ काम आत्ताच केलंय, डोळे झाकून न्या." वाशी मार्केटमधून फळांच्या पेट्या भरून नाशिककडे निघालेली ही गाडी पहिल्याच फेरीत कसारा घाटात तापून बंद पडली. हेड उतरवलं तेव्हा हेड गॅस्केट दोन सिलिंडरच्या मध्ये जळालेलं, एका बोअरला नखात अडकतील असे उभे चरे आणि त्या पिस्टनची रिंग तुटलेली. हाफ काम म्हणजे इंजिन अर्धं खोलून रिंग, गॅस्केट, बेअरिंग बदलणं; इथे त्याच्या नावाखाली ब्लॉकवर काळा स्प्रे मारला होता, एवढंच.

ठाणे-नवी मुंबईत ही फसवणूक वारंवार चालते आणि तिचा गाभा एकच आहे. गिऱ्हाईक मॉडेलच्या लौकिकावर विश्वास ठेवतं आणि समोरचं इंजिन तपासायचं राहून जातं. म्हणून आधी हा लौकिक कशातून येतो ते बघू.

बोलेरो पिकअपचं बीएस६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांचं) इंजिन २५२३ सीसीचं, चार सिलिंडर, ताकद साधारण ७५ एचपी आणि टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, २०० न्यूटन मीटर. टाटा योद्धाचं २१७९ सीसी, १०० एचपी, २५० न्यूटन मीटर. अशोक लेलँड दोस्तचं १४७८ सीसी, तीनच सिलिंडर, ७० एचपीच्या आसपास. इसुझू डी-मॅक्स एस-कॅबचं २४९९ सीसी, ७८ एचपी, १७६ न्यूटन मीटर. दलाल यातला एचपीचा आकडा सोयीप्रमाणे पुढे करतो. भरलेली गाडी चढावर उचलतो तो कमी आरपीएमचा टॉर्क. मुंब्रा बायपासच्या ट्रॅफिकमध्ये गाडी दिवसभर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच चालते, तिथे वरच्या आरपीएमची एचपी उपयोगाला येत नाही. टिकाऊपणाचा अंदाज घ्यायचा तर एचपीला लिटरने भागा. बोलेरोच्या इंजिनातून लिटरमागे जेमतेम ३० एचपी काढले आहेत, योद्धात ४६ आणि दोस्तमध्ये ४७ च्या घरात. लिटरमागे कमी ताकद काढलेलं इंजिन ओव्हरलोड जास्त काळ सोसतं, कारण पिस्टन, रिंग आणि बेअरिंगवर ताण कमी येतो. घाटात माल घेऊन योद्धा नक्कीच पुढे जाईल, पण तेल-पाण्याकडे दुर्लक्ष झालं तर तिथे माफी कमी. आमच्या मते रोज जड माल आणि घाट असेल तर योद्धा, शहरातल्या शहरात दीड टनाच्या आतला माल असेल तर बोलेरो. दोस्त हलक्या मालासाठी उत्तम आहे, तिला दोन टन भरून बदनाम करू नये.

ही सगळी तुलना निरोगी इंजिनांची. दोन लाख किलोमीटर ओव्हरलोड ओढलेल्या इंजिनाला ती लागू होत नाही, आणि दलाल नेमकं तिथेच फसवतो.

आणखी एक थाप ऐकायला मिळते: "जुनं पंपाचं इंजिन आहे, कुठलाही मेकॅनिक करेल." प्रत्यक्षात ते नव्या पद्धतीचं, कॉमन रेलचं असू शकतं. बॉनेट उघडून बघा. जुन्या इंजिनात पंपातून प्रत्येक इंजेक्टरला वेगळी जाड नळी जाते. कॉमन रेलमध्ये सगळ्या नळ्या एका आडव्या दांड्यावरून निघतात आणि प्रत्येक इंजेक्टरवर वायरचं सॉकेट असतं. पंपाचं इंजिन थोडं खराब डिझेल पचवतं, कॉमन रेलचे इंजेक्टर पाण्याच्या थेंबानेही खराब होतात, आणि चार इंजेक्टरचं बिल आलं की स्वस्तात मिळालेली गाडी स्वस्त राहत नाही.

आता खोड कशी लपवतात ते. रिंग झिजलेल्या इंजिनात १५डब्ल्यू-४० ग्रेडच्या ऑइलच्या जागी २०डब्ल्यू-५० किंवा त्याहून घट्ट ऑइल आणि वर धूर दाबणारं औषध ओततात. निळा धूर काही दिवस थांबतो. गॅस्केट किंवा रेडिएटर गळत असेल तर पाण्यात हळद किंवा लीक बंद करणारी पावडर टाकतात. गाडी तापत असेल तर थर्मोस्टॅटच (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकतात. रिकाम्या गाडीचा तापमानाचा काटा मग दहा किलोमीटर चालवूनही खालीच राहतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. ऑइल प्रेशर कमी असेल तर दिव्याची वायर काढून ठेवतात. बीएस६ गाडीतला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) तुंबला असेल तर आतून फोडून पोकळ करतात.

या प्रत्येकाला उतारा आहे, पण इंजिन थंड असताना. सकाळी जा आणि आधीच बजावा की मी येईपर्यंत चालू करू नका. गेल्यावर ब्लॉकला हात लावा. कोमट लागला तर त्या दिवशी पुढे काहीही बघू नका, कारण खरी अडचण थंड स्टार्टलाच दिसते.

थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा, गरम असताना कधीही नाही. झाकणाच्या रबरवर पिवळट गाळ चिकटला असेल तर पाण्यात काहीतरी टाकलंय असा संशय धरा. झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करा. सुरुवातीचे एक-दोन बुडबुडे हवेचे असतात, पण एकसारखे येत राहिले तर सिलिंडरचा वायू पाण्यात शिरतोय. चावी फिरवली की इंजिन सुरू होण्याआधी ऑइलचा लाल दिवा लागलाच पाहिजे. इंजिन तापून आयडलिंगला आलं की ऑइल भरायचं झाकण सैल करून तिथेच उलटं ठेवा. हलकं थरथरलं तर ठीक. झाकण उडत असेल आणि खालून धूर फुंकल्यासारखा येत असेल तर रिंग आणि बोअर संपलेत, भाव कितीही पाडला तरी घेऊ नका. ज्या गाडीत डीपीएफ आहे तिच्या सायलेन्सरच्या टोकात बोट फिरवा. डीपीएफ शाबूत असेल तर आत काजळीचा जाड थर साचत नाही.

यातून पास झाली तर स्वतःच्या खर्चाने ऑइल आणि फिल्टर समोर बदलून घ्या, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं. मग टनभर माल टाकून गायमुखचा चढ चढवा. पातळ ऑइलवर धूर, आवाज आणि लाल दिवा सगळं उघडं पडतं. दलाल या अटीला नाही म्हणाला तर तिथेच उठा. शेवटी कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजणं. सगळ्या सिलिंडरचे आकडे लिहून घ्या आणि सगळ्यात जास्त नि सगळ्यात कमी यांत दहा टक्क्यांहून फरक नको. कॉमन रेलला जोडीने रिटर्न टेस्ट करा, म्हणजे प्रत्येक इंजेक्टरमधून परत येणारं डिझेल वेगळ्या बाटलीत धरा: बाटल्यांपैकी एकीत डिझेल झपाट्याने भरलं तर तो इंजेक्टर गेला. "काम केलंय" म्हणणाऱ्याकडून रिंग सेट, गॅस्केट आणि बेअरिंगचं बिल मागा. बिल नाही तर काम नाही, असंच धरा.

इंजिन नंबर आरसीशी आणि परिवाहनच्या ऑनलाइन नोंदीशी अक्षर न् अक्षर जुळवा, गाडी एमएच-०४ ची असो की एमएच-४३ ची. नंबराच्या पट्टीवर ग्राइंडरच्या रेघा, ताजा रंग किंवा कमी-जास्त खोल अक्षरं दिसली तर भंगारातलं इंजिन बसवलेलं असू शकतं. अशी गाडी फिटनेसला अडते आणि अपघात झाला तर विमा कंपनीलाही आयतं कारण मिळतं. कर्जाचा बोजा, फिटनेसची तारीख आणि थकलेली ई-चलनं त्याच नोंदीत तपासा. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, आणि कर्ज फिटलेलं असेल तर बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५, हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. टोकन देतानाच कागदावर लिहून घ्या: इंजिन नंबर, केलेलं काम, मीटरचं रीडिंग, आणि टेस्टमध्ये दोष निघाल्यास टोकन परत.

फसवणूक झालीच असेल तर इंजिन उघडताना व्हिडिओ काढा, तुटलेले भाग जपून ठेवा, गॅरेजचं लेखी मत घ्या आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. धंद्यासाठी घेतलेली गाडी म्हणून ग्राहक आयोगात दाद लागत नाही, असं दलाल सांगतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू वापरणारा माणूस ग्राहकच ठरतो. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे, पण तोवर इंजिन दुसऱ्या कोणी खोलून जोडलं तर पुरावा जातो, म्हणून दुरुस्तीला हात घालण्याआधी नोटीस पाठवा.