बास्तेतची प्रतिकृती: बांधा उत्तम, तपशील कच्चे

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ‘गेयर-अँडरसन मांजर’ या नावाने ओळखली जाणारी प्राचीन इजिप्तची एक कांस्यमूर्ती आहे. तिची रेझिनमध्ये ओतलेली, सुमारे २० सेंटिमीटर उंचीची प्रतिकृती मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून अडीच हजार रुपयांना मागवली. मूळ मूर्ती ४२ सेंटिमीटर उंच आहे, म्हणजे ही तिच्या जवळपास निम्मी. मांजराच्या रूपात पुजल्या जाणाऱ्या बास्तेत या प्राचीन इजिप्ती देवीविषयी आस्था असणाऱ्यांनी ही वस्तू घ्यावी का, हे ठरवायला मदत व्हावी म्हणून लिहीत आहे.

मूर्तीचा बांधा उत्तम साधला आहे. पुढचे पाय सरळ, कान उभे, आणि मानेपासून शेपटीपर्यंत न तुटता उतरणारी पाठीची रेषा यांमुळे ती बाजूने पाहताना विशेष देखणी दिसते. स्वस्त प्रतिकृतींमध्ये मांजर बहुधा लठ्ठ किंवा भित्रे दिसते. येथे मुळातील सावध, शांत डौल टिकून आहे.

जवळून पाहिल्यावर मात्र निराशा होते. मूळ मूर्तीच्या डोक्यावर शेणकिडा कोरलेला आहे आणि छातीवर पंख पसरलेला दुसरा शेणकिडा व होरस या देवाचा चांदीचा डोळा आहे. शेणकिडा हे उगवत्या सूर्याचे रूप मानले जाई आणि बास्तेत ही सूर्यदेव रा याची कन्या, त्यामुळे ही चिन्हे केवळ शोभेची नाहीत. प्रतिकृतीत डोक्यावरचा किडा नुसता उंचवटा झाला आहे, छातीवरचे पंख ओळखूच येत नाहीत आणि डोळ्याचा चंदेरी रंग कडेबाहेर ओघळला आहे. कानांतील बाळ्या धातूच्या आहेत हे चांगले. नाकातील बाळी मात्र वाकडी चिकटवलेली आली.

सर्वांत जास्त खटकले ते सोबतचे माहितीपत्रक. ‘पाच हजार वर्षांपूर्वीची मांजरदेवी, घरात ठेवल्यास भाग्य उजळते’ असे त्यात छापले आहे. वास्तविक आरंभीच्या चित्रणांत बास्तेतला सिंहिणीचे मुख आहे; मांजराचे रूप इसवी सनपूर्व पहिल्या सहस्रकात खऱ्या अर्थाने रूढ झाले. मूळ मूर्तीही त्याच सहस्रकातील, साधारण इसवी सनपूर्व ६०० च्या सुमारासची मानली जाते. शिवाय मांजरांच्या कांस्यमूर्ती भक्त मंदिरात देवीला अर्पण करीत असत, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना भाग्य उजळवणारी शोभेची वस्तू ही ओळख फारच तोकडी वाटेल.

नाईलच्या त्रिभुज प्रदेशातील बुबास्तिस, म्हणजे आजच्या झगाझिगजवळील तेल बस्ता, हे या देवीचे मुख्य स्थान. तेथील उत्सवाला स्त्री-पुरुष होड्यांमधून गात-वाजवत जात आणि उरलेल्या संपूर्ण वर्षापेक्षा जास्त द्राक्षमदिरा तेव्हा रिचवली जाई, असे प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने नोंदवले आहे. पत्रकात याचा एक शब्दही नाही. मांजर मारणाऱ्याला इजिप्तमध्ये जिवाला मुकावे लागे, एवढे मात्र त्यात आहे, आणि त्याला आधारही आहे, कारण चुकून मांजर मारलेल्या एका रोमन माणसाला जमावाने ठार केल्याचे डायोडोरस या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. पण देवीला अर्पण करण्याच्या ममींसाठी मांजरे मुद्दाम पाळून मारली जात आणि क्ष-किरण तपासणीत अनेक पिल्लांच्या माना मोडलेल्या आढळल्या, ही त्याच श्रद्धेची दुसरी बाजू गाळली आहे. उपासनेची माहिती द्यायची तर दोन्ही गोष्टी सांगायला हव्यात, असे माझे ठाम मत आहे.

वेष्टन भक्कम होते आणि तळाला मऊ कापड लावलेले असल्यामुळे कपाटावर चरे पडत नाहीत. केवळ आकारासाठी प्रतिकृती हवी असेल तर ही किंमत वाजवी आहे. मूळ मूर्तीवरील चिन्हे अभ्यासायची असतील तर ही घेऊ नये. दुसरी कोणतीही प्रतिकृती घेताना डोके व छाती यांची जवळून काढलेली छायाचित्रे विक्रेत्याकडून आधी मागवून घ्यावीत.