माउंटन मॅन बघायला कुठे जावं: पाइनडेल, फोर्ट ब्रिजर की बेंट्स फोर्ट?

डेन्व्हर, सॉल्ट लेक, बॉइझी या भागात राहणारे आपले बरेच लोक येलोस्टोन-ग्रँड टीटन करून येतात, वाटेत एखाद्या म्युझियममध्ये बीव्हरची (नदीत राहणारा एक केसाळ, कुरतडणारा प्राणी) कातडी आणि झालरीचे कपडे बघतात आणि मग विचारतात की हे असलं सगळं घालून खरोखर तंबूत राहणारी माणसं भेटतात का कुठे. भेटतात, दरवर्षी भेटतात: 1820-40 च्या सुमारास अमेरिकेच्या पश्चिमेतल्या डोंगरात राहून सापळ्याने बीव्हर पकडणारे ट्रॅपर म्हणजे माउंटन मॅन, आणि त्यांच्या रॉन्डेव्हू नावाच्या वार्षिक मेळाव्यासारखे मेळावे हौशी लोक आजही भरवतात. फक्त वर्षातून एकच वीकेंड काढता येणार असेल तर तो कुठे घालवायचा हे ठरवायला लागतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. इतिहास समजून घ्यायचा असेल तर पाइनडेल, स्वतः त्यात उतरायची इच्छा असेल तर फोर्ट ब्रिजर, आणि बरोबर लहान मुलं किंवा आईबाबा असतील आणि गर्दी नको असेल तर बेंट्स फोर्ट. आणि कुठेही गेलात तरी बंदूक सगळ्यात शेवटी बघा.

थोडं मागचं सांगायलाच लागेल, नाहीतर तिन्ही ठिकाणी नुसती जत्रा दिसेल. 1822 मध्ये विल्यम ॲशली या व्यापाऱ्याने सेंट लुईसच्या पेपरात जाहिरात दिली की शंभर होतकरू तरुण पाहिजेत, मिसूरी नदीच्या उगमापर्यंत जायचं, एक ते तीन वर्षांची नोकरी. त्याच्याकडे कामाला लागलेल्यांत जिम ब्रिजर होता, जेमतेम अठराचा, आणि जेडेडाया स्मिथ होता. तेव्हा बीव्हरच्या लोकरीपासून बनवलेल्या फेल्ट हॅटची फॅशन होती आणि त्या हॅटसाठी कातडी पाहिजे होती, बाकी सगळी साहसं वगैरे त्याच्या मागून आली. 1825 ला ॲशलीने ग्रीन रिव्हरच्या हेन्रीज फोर्कजवळ पहिली रॉन्डेव्हू भरवली. पद्धत अशी की ट्रॅपरने डोंगरातच राहायचं, वर्षातून एकदा ठरलेल्या जागी यायचं, कातडी द्यायची आणि दारूगोळा, तंबाखू, कॉफी, साखर, मणी, ब्लँकेट आणि अर्थात दारू घ्यायची, सगळं सेंट लुईसच्या कित्येक पट भावाने. वर्षभराची कमाई तिथेच संपायची आणि वर कंपनीची उधारी राहायची. 1831 ला माल वेळेवर पोचलाच नाही, ते एक वर्ष सोडलं तर 1840 पर्यंत हे चालू होतं. मग रेशमी हॅट आल्या, बीव्हरही मारून मारून कमी झाले आणि धंदा बसला. अख्खा काळ पंधरा-सोळा वर्षांचा.

आणि काम काय होतं तर बर्फाच्या पाण्यात गुडघाभर उभं राहायचं, पाचेक पौंडाचा लोखंडी सापळा पाण्याखाली चार बोटं खोल ठेवायचा, साखळी आत खोल पाण्याकडे ओढून खुंटीला बांधायची म्हणजे अडकलेला प्राणी काठावर न येता तिथेच बुडतो, आणि वर एका काडीला बीव्हरच्याच ग्रंथीतून काढलेला उग्र वासाचा पदार्थ लावायचा. मग सोलणं, खरवडणं, विलोच्या फांदीच्या कडीवर ताणून वाळवणं. हे मजुरीचं काम होतं. ज्या ठिकाणी हे काम दिसतं ते ठिकाण चांगलं, नुसता गोळीबार दिसतो ते कमी चांगलं, माझी फूटपट्टी एवढीच आहे.

आता पाइनडेल, वायोमिंग. इथला रॉन्डेव्हूचा उत्सव जुलैच्या दुसऱ्या वीकेंडला. याचा सगळ्यात मोठा प्लस पॉइंट म्हणजे जागा खरी आहे. जवळच डॅनियल गावापाशी हॉर्स क्रीक ग्रीन रिव्हरला मिळतो आणि त्या परिसरात एकूण सहा रॉन्डेव्हू झाल्या, 1833 पासून शेवटच्या 1840 पर्यंत. इथेच 1835 मध्ये मार्कस व्हिटमन या मिशनरी डॉक्टरने जिम ब्रिजरच्या पाठीत सुमारे तीन वर्षं रुतून बसलेलं लोखंडी बाणाचं टोक कापून काढलं, भूल वगैरे काही नव्हती तेव्हा, आणि आजूबाजूला ट्रॅपर आणि नेटिव्ह लोक उभे राहून बघत होते. पुढच्या वर्षी व्हिटमनची बायको नार्सिसा आणि एलायझा स्पॉल्डिंग या दोघी रॉकीजमधली साउथ पास ही खिंड ओलांडून इथे आल्या, त्या वाटेने आलेल्या पहिल्या गोऱ्या बायका. 1837 ला आल्फ्रेड जेकब मिलर हा चित्रकार आला, आणि आज आपल्या डोळ्यासमोर रॉन्डेव्हू म्हणून जे चित्र येतं ते बहुतेक त्याचंच असतं कारण प्रत्यक्ष बघून काढणारा दुसरा कोणी नव्हता. ती चित्रं बघताना मला एक गोष्ट विसरता येत नाही, त्याच 1837 मध्ये वरच्या मिसूरीवर सेंट पीटर्स नावाच्या स्टीमबोटीबरोबर देवी आल्या आणि मँडन या नेटिव्ह लोकांची गावंच्या गावं संपली. ती बोट फर कंपनीचीच होती. मुलांना चित्र दाखवाल तेव्हा हेही सांगा.

पाइनडेलचं म्युझियम ऑफ द माउंटन मॅन तर अजिबात सोडू नका. ब्रिजरची एक रायफल तिथे आहे, सापळे, कपडे, सगळं नीट मांडलेलं आहे. गावाचे लोक 1936 पासून पॅजंट, म्हणजे जुन्या काळाचा मोठा देखावा, करतात, रोडिओ ग्राउंडवर, घोडे, खेचरं, सामानाचा तांडा. स्थानिक लोक पिढ्यानपिढ्या त्यात काम करतात आणि ते मनापासून करतात हे बघताना कळतं. पण शेवटी ते नाटक आहे, तुम्ही स्टँडमध्ये बसून बघता, थांबवून काही विचारता येत नाही. विचारायचं असेल तर म्युझियमच्या आवारात छावणी लागते तिथे सकाळी लवकर जा. हॉटेलं महाग होतात आणि लवकर भरतात, गाव सुमारे 7200 फुटांवर आहे, त्यामुळे बीपीवाल्यांनी पहिल्या दिवशी दमानं घ्यावं. सॉल्ट लेकहून चार तासांच्या आसपास, डेन्व्हरहून मात्र सात तास धरा.

फोर्ट ब्रिजर वेगळंच प्रकरण आहे. लेबर डेचा लाँग वीकेंड, वायोमिंगमध्येच पण युटाच्या बॉर्डरजवळ, आय-80 हायवेला लागून, सॉल्ट लेकहून दोन तासांच्या आत. इतिहासाच्या दृष्टीने बघाल तर इथे थोडी गफलत आहे. हा फोर्ट ब्रिजर आणि लुई व्हास्केझ यांनी 1843 ला काढला, म्हणजे रॉन्डेव्हूचा काळ संपल्यावर, ओरेगन-कॅलिफोर्नियाला वस्तीला जाणाऱ्यांच्या बैलगाड्यांना सामान विकायला. ट्रॅपर गेला आणि दुकानदार झाला त्याची ही जागा. नंतर मॉर्मन या युटातल्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांकडे गेला, 1857 ला त्यांनीच जाळला, मग आर्मी आली. तरी तिथे भरणारी रॉन्डेव्हू 1840 च्या आधीच्या काळाचीच असते आणि मला स्वतःला यात काही वावगं वाटत नाही, कारण इथे जे मिळतं ते पाइनडेलला मिळत नाही: माणसं आपापल्या तंबूपुढे बसून काहीतरी करत असतात आणि तुम्ही समोर उकिडवे बसून वाट्टेल ते विचारू शकता.

अशा मोठ्या रॉन्डेव्हूत प्रिमिटिव्ह कॅम्प म्हणून एक भाग असतो, तिथे 1840 नंतरचं काही दिसता कामा नये, कूलर असला तर कापडाखाली लाकडी पेटीत, चष्मासुद्धा जुन्या फ्रेमचा घालणारे आहेत. कॅम्पच्या प्रमुखाला बूशवे म्हणतात, शिस्त बघणाऱ्यांना डॉग सोल्जर, आणि आपल्यासारखे जीन्समधले म्हणजे फ्लॅटलँडर किंवा पिल्ग्रिम. ट्रेडर्स रो म्हणजे दुकानांच्या रांगा, त्यात मणी, ब्लँकेटचे कोट ज्यांना कॅपोट म्हणतात, मोकॅसिन म्हणजे मऊ कातड्याचे जोडे, हाताने घडवलेले सुरे, तांब्याच्या किटल्या. टॉमहॉक म्हणजे छोटी कुऱ्हाड फेकायच्या स्पर्धा, सुरा फेकायच्या स्पर्धा, चकमकीने जाळ करायच्या स्पर्धा.

ती चकमक मुद्दाम जवळून बघा. डाव्या हातात गारगोटीची धारदार कपची, तिच्या कडेवर अंगठ्याने धरलेला काळा चारक्लॉथ, म्हणजे डबीत कोंडून भाजलेलं सुती कापड. उजव्या हातातलं पोलाद त्या धारेवरून खाली खरवडत आणायचं, पोलादाचा बारीक कण सुटतो तीच ठिणगी. ती कापडावर बसली की जाळ होत नाही, नुसता केशरी ठिपका, टाचणीच्या डोक्याएवढा, हळूहळू पसरत जातो. मग ते सुतळीच्या पिंजलेल्या घरट्यात ठेवून तोंडाने लांब, सावकाश फुंकर. धूर पांढरा, मग पिवळट, दाट होतो आणि एकदम भप्पकन पेटतं. नवशिका माणूस पोलाद दगडावर आपटत राहतो, त्याने फक्त बोटं सोलतात.

अडचणी पण आहेत. धूळ, रांगा, सप्टेंबर असूनही दुपारी कडक ऊन आणि रात्री जवळजवळ गोठणबिंदूला टेकणारी थंडी. राहायला शक्यतो एव्हान्स्टन गाठा. शाकाहारी खाणं बरोबर न्या, तिथे त्यावर अवलंबून राहू नका. आणि एक गोष्ट मला खटकते ती स्पष्ट लिहितो, काही गोरे लोक पिसांचे मुकुट वगैरे घालून नेटिव्ह बनतात. शोशोनी, क्रो, नेझ पर्स, फ्लॅटहेड ही माणसं त्या व्यापारात बरोबरीने होती, रॉन्डेव्हूला कुटुंबकबिल्यासकट यायची, अनेक ट्रॅपरांच्या बायका त्यांच्यातल्या होत्या, आणि ईस्टर्न शोशोनी आजही वायोमिंगमध्येच विंड रिव्हर रिझर्व्हेशनवर राहतात. आपण त्यात उतरलो तर ट्रॅपर, व्यापारी, लोहार काहीही व्हावं, दुसऱ्याच्या पूजेतल्या वस्तू अंगावर घालू नयेत.

तिसरा पर्याय कोलोराडोतला बेंट्स ओल्ड फोर्ट, ला हुंटाजवळ, डेन्व्हरहून तीन तास. हे डोंगरातलं नाहीच, आर्कन्सा नदीकाठचं सपाट मैदान आहे. 1833 ला विल्यम आणि चार्ल्स बेंट हे भाऊ आणि सेरान सेंट व्रेन यांनी सांता फे ट्रेल या व्यापारी वाटेवर मातीच्या कच्च्या विटांचा हा कोट बांधला, बीव्हरपेक्षा बायसनच्या कातड्यांचा व्यापार जास्त, शायान आणि अरापाहो लोकांशी. विल्यमची बायको आउल वुमन शायान होती आणि त्या नात्यावरच बराचसा व्यापार उभा होता. 1849 ला फोर्ट संपला. आत्ता दिसतो तो 1976 चा, पण उगाच अंदाजाने बांधलेला नाही, 1846 ला लेफ्टनंट एबर्ट आजारी पडून इथे राहिला होता, त्याने मोजमापं घेऊन केलेली चित्रं कामाला आली.

इथली मजा म्हणजे वस्तू हाताच्या अंतरावर आहेत. चौकात मधोमध कातडी दाबायचा लाकडी प्रेस उभा आहे, त्यात गठ्ठे दाबून बांधायचे, बीव्हरचा एक गठ्ठा नव्वद-शंभर पौंडांचा, खेचराच्या एका बाजूला एक असे दोन. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की सगळ्या व्यापाराचा हिशोब आपोआप डोक्यात बसतो. लोहारशाळा, सुतारशाळा, स्वैपाकघर, आणि चक्क बिलियर्डची खोली, कारण त्या काळी खरंच इथे बिलियर्डचं टेबल होतं. मोर पण होते, हो, आपल्याकडचे मोर. स्वैपाकघरात शार्लट ग्रीनबद्दल नक्की विचारा, बेंट बंधूंची गुलाम असलेली ही स्वैपाकीण तिच्या हातच्या जेवणासाठी आणि नाचासाठी सगळ्या वाटेवर प्रसिद्ध होती. कॅम्पिंग नाही, स्पर्धा नाही, खरेदी जवळपास नाही. नॅशनल पार्क सर्व्हिसकडे असल्यामुळे माहिती देणारे लोक तयारीचे असतात. मात्र मातीचं बांधकाम, सतत डागडुजी लागते, त्यामुळे कुठला भाग उघडा आहे ते निघण्याआधी बघून घ्या.

खर्चाचं म्हणाल तर बेंट्स फोर्ट सगळ्यात स्वस्त, एका दिवसात होतो. पाइनडेल हॉटेलमुळे महाग. फोर्ट ब्रिजरला तिकीट फार नाही पण ट्रेडर्स रोमध्ये पाकीट रिकामं होतं.

आता ज्यांना बघून झाल्यावर पुढे जायचंय त्यांच्यासाठी. पहिली खरेदी मोकॅसिन, सैल सुती किंवा लिननचा शर्ट, लोकरीचं ब्लँकेट आणि चकमकीचा संच, बस. कातड्याचे कपडे दिसायला भारी पण भिजले की लोंबतात आणि वाळता वाळत नाहीत, त्या काळचे ट्रॅपरही मिळेल तिथे लोकर वापरायचे. अमेरिकन माउंटन मेन नावाची 1968 पासूनची संस्था आहे, तिथे पिल्ग्रिम, बॉसलोपर, हिव्हरॅनो अशा पायऱ्या आहेत आणि कपडे स्वतः शिवण्यापासून रानात राहण्यापर्यंत खूप काही करून दाखवावं लागतं. ते नंतर, दोन-चार वर्षं रॉन्डेव्हू केल्यावर.

आणि बंदूक. म्हणजे ठासणीची बंदूक, कोकणात शेताच्या राखणीला अजून लायसनवर असते तीच जात. इथे दोन प्रकार, गारगोटीवाली फ्लिंटलॉक आणि केपवाली पर्कशन (केप म्हणजे घोडा आपटला की ठिणगी देणारी छोटी टोपी). 1825 ते 1840 मध्ये दोन्ही होत्या, त्यामुळे दोन्ही चालतात, पण सुरुवातीच्या काळात फ्लिंटलॉकच जास्त, आणि रानात गारगोटी दुसरी शोधता येते, केप संपली की संपली. शिकायला पर्कशन सोपी, ओलसर हवेत जास्त भरवशाची, किंमतही कमी. चांगली फ्लिंटलॉक हजार डॉलरच्या आत सहसा येत नाही आणि तिला खरी ब्लॅक पावडरच लागते, बाजारात मिळणाऱ्या पर्यायी पावडरी तिच्यात नीट पेटत नाहीत. दर वर्षी एखादाच वीकेंड जाणार असाल तर पर्कशन घ्या, मनापासून याच्यात शिरणार असाल तर थोडे पैसे साठवून थेट फ्लिंटलॉक. विमानाने जाणाऱ्यांनी पावडर आणि केप बरोबर न्यायचा विचारही करू नये, दोन्हीला बंदी आहे. फेडरल कायद्यात पारंपरिक ठासणीच्या बंदुकीला सहसा फायरआर्म धरत नाहीत पण राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत, त्यामुळे एच-वन किंवा तत्सम व्हिसावर असाल तर आधी वकिलाला विचारा आणि तोपर्यंत टॉमहॉक फेकायला शिका, त्याला ना लायसन लागतं ना पावडर.