विल्निअसच्या घेटोतली पायी फेरी : पाचपैकी साडेतीन

विल्निअस ही लिथुआनियाची राजधानी, आणि घेटो म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी इथल्या ज्यूंना कोंडून ठेवलं ती वस्ती. पंचवीस युरो, अडीच तास, सगळं पायी. नोव्हेंबरात जाणार असाल तर मोजे दुहेरी घाला, आत कुठेच नेत नाहीत. आम्ही लातूरकर, माझी तर बोटं बधिर झाली.

सुरुवात रुदनिंकू रस्त्यावर, मोठ्या घेटोचं फाटक होतं तिथल्या पाटीपाशी. गाइडबाई छान आहेत. पाठ केल्यासारखं बोलत नाहीत, प्रश्न विचारला की थांबतात. वाचनालयाची गोष्ट तर फारच सुंदर सांगितली: डिसेंबर 1942 मध्ये लाखावं पुस्तक वाचकाच्या हाती गेलं म्हणून घेटोत चक्क समारंभ झाला होता.

मग आली लिगोनिनेस गल्ली. नावाचा अर्थच इस्पितळाची गल्ली. "इथे ज्यूंचं इस्पितळ होतं," एवढं म्हणून बाई पुढे! मी ज्या गल्लीसाठी पैसे भरले ती मिनिटात संपली. दोन तारे तिथे गेले.

मी इथे सार्वजनिक आरोग्य शिकते. डॉ. मार्क द्वोर्झेत्स्की हे नाव मला अभ्यासातच भेटलं. याच शहरातला डॉक्टर. घेटोत राहिला, 1943 मध्ये घेटो मोडल्यावर एस्टोनियातल्या छावण्यांत गेला, वाचला, आणि पुढे इतिहासकार झाला. विल्नाच्या (विल्निअसचंच जुनं नाव) घेटोवरचं त्याचं यिद्दिश, म्हणजे इथल्या ज्यूंच्या बोलीतलं, पुस्तक 1948 मध्ये पॅरिसला निघालं, 1953 मध्ये इस्रायल पुरस्कार मिळाला, 1961 मध्ये नाझी अधिकारी आइखमनच्या खटल्यात त्याने साक्ष दिली. फेरीत त्याचं नावसुद्धा नाही.

आणि सांगण्यासारखं किती आहे! उवांमुळे पसरणारा टायफस (आपला टायफॉइड नव्हे) जर्मनांना कळणं म्हणजे मरण. लिथुआनियातल्याच कौनास शहराच्या घेटोत ऑक्टोबर 1941 मध्ये त्यांनी इस्पितळ आतल्या माणसांसकट जाळलं होतं. म्हणून इथले डॉक्टर कागदावर दुसरंच निदान लिहीत. साथ पसरू नये म्हणून उकळलेलं पाणी वाटायची केंद्रं होती, आणि अंघोळीचा दाखला दाखवल्याशिवाय रेशनकार्ड मिळत नसे. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात "पाणी उकळून प्या" सांगून सांगून माझा घसा बसायचा. तो दाखल्याचा नियम वाचला तेव्हा आधी हसू आलं, मग वाटलं, ज्याने हा नियम काढला त्याला खाटा, औषधं, साबण, सगळ्याचाच हिशेब ठाऊक असणार.

शेवटी मी हे बाईंना विचारलं. उगाच काहीतरी ठोकून दिलं नाही त्यांनी. "इस्पितळाचं मला कमी माहीत आहे," म्हणाल्या, आणि वहीत नाव लिहून घेतलं. त्या प्रामाणिकपणासाठी अर्धा तारा परत दिलाय, तो धरूनच साडेतीन.

पानेरियाय, म्हणजे जिथे इथल्या ज्यूंना गोळ्या घालून मारलं ते जंगल, या फेरीत नाही. शहरापासून साधारण दहा किलोमीटर, लोकल रेल्वेने स्वतः जा, आणि त्याच दिवशी जाऊ नका.

तुम्ही ही फेरी घेतलीत तर लिगोनिनेस गल्लीत अंघोळीच्या दाखल्याबद्दल मुद्दाम विचारा. दोघातिघांनी विचारलं की चौथ्याला त्या आपणहून सांगतील.