मराठी मजकुरासाठी पर्ल की पायथन?

मासिकाच्या जुन्या अंकांची शब्दसूची काढायची आहे, युनिकोडपूर्व फॉन्टातल्या फायली युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षरचिन्हाला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) आणायच्या आहेत, मुद्रितशोधनाला हातभार लागेल असं काही लिहायचं आहे, तर पर्ल आणि पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषांपैकी कोणती शिकू, असं अधूनमधून कुणी ना कुणी विचारतं. बहुतेक जण पायथन सांगून मोकळे होतात. ते चुकीचं नाही. मीही सुरुवात पायथननेच केली, आणि तक्ते, आलेख, आकडेमोड असलं काही आलं की आजही तिच्याकडेच जातो. पण निव्वळ देवनागरी मजकूर चिरायचा-जोडायचा असेल तर मी पर्लकडे वळलो आणि तिथेच राहिलो.

आधी पायथनचं श्रेय पायथनला. २००८ साली तिची तिसरी आवृत्ती आली तेव्हापासून तिच्यात मजकूर म्हणजे युनिकोडच. फाइल उघडताना यूटीएफ-८ (युनिकोड मजकूर फायलीत साठवण्याची पद्धत) एवढं सांगून ठेवलं (विंडोजवर ते सांगितलेलंच बरं) की ‘मराठी’ या शब्दाची लांबी पाच येते: म, र, काना, ठ, वेलांटी. पर्लला तुम्ही काहीच सांगितलं नाही तर ती त्याच शब्दाची लांबी पंधरा सांगते, कारण ती अक्षरचिन्हं नाही, बाइट (साठवणीची छोटी एककं, इथे प्रत्येक चिन्हाला तीन) मोजत असते. शिवाय पायथनचा कोड सहा महिन्यांनी उघडला तरी कळतो, दुसऱ्याचाही कळतो. अडलं तर विचारायला माणसं मिळतात. अकरावी-बारावीला सीबीएसईची मुलं तीच शिकतात, त्यामुळे घरातच कुणीतरी जाणकार निघतो.

मग अडचण काय? मला ती अशी सापडली.

एका मासिकाच्या जुन्या अंकांचा मजकूर माझ्याकडे होता आणि कोणता शब्द किती वेळा आला याची यादी करायची होती. रेजेक्समध्ये, म्हणजे मजकुरात काय शोधायचं त्याचा साचा लिहिण्याच्या खुणांच्या भाषेत, ‘शब्दातलं अक्षर’ यासाठी बॅकस्लॅश-डब्ल्यू लिहितात, ते सगळ्यांना माहीत असतं. तेच लिहिलं, यादी आली, चूक कसलीच दाखवली नाही. वरवर पाहिलं तर ‘घर’ होतं, ‘आई’ होतं, ‘मन’ होतं. मराठीच्या कुठल्याही यादीत डोक्यावर ‘आणि’, ‘आहे’ यायला हवेत. इथे होते ‘आण’ आणि ‘आह’. खाली ‘मर’ होतं, ‘ठ’ होतं. ‘मराठी’चे दोन तुकडे झाले होते, काना आणि वेलांटी हवेत विरली होती. ‘शब्दसूची’चे तीन झाले होते: ‘शब’, ‘दस’, ‘च’.

कारण साधं आहे. पायथनचं अंगभूत रेजेक्स काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्ताची खूण यांना अक्षर मानतच नाही. त्याच्या लेखी ती शब्द तोडणारी चिन्हं, जसा स्वल्पविराम. युनिकोडची रेजेक्सबाबतची मार्गदर्शक सूचना याच्या उलट सांगते, आणि ही तक्रार पायथनच्या तक्रारवहीत निदान २०११ पासून नोंदलेली आहे. इंग्रजी, फ्रेंच लिहिणाऱ्याला याची झळ लागत नाही. आपल्याला मात्र जवळजवळ प्रत्येक शब्दाला लागते. ज्या भाषेत वेलांटी वगळून शब्द उरत नाही, त्या भाषेचं काम करणाऱ्याला ही गोष्ट फार लागते. मला लागली.

उपाय आहेत, नाही असं नाही. ‘रेजेक्स’ याच नावाचं बाहेरचं मॉड्यूल (भाषेला जोडायचा तयार कोड) बसवलं की शब्द सलग येतात. पण मी ते काम करत होतो त्या ग्रंथालयाच्या संगणकावर बाहेरचं काही बसवायची परवानगी नव्हती. दुसरा उपाय म्हणून युनिकोडमधला देवनागरी चिन्हांचा अख्खा पट्टाच कंसात लिहून दिला, म्हणजे त्या पट्ट्यातलं काहीही असेल ते शब्दात धर. गद्यात ते बरंचसं चाललं. अभंगांची पानं आली आणि ‘विठ्ठल॥१॥’ हा एक सलग शब्द होऊन बसला, कारण दंड आणि आकडे त्याच पट्ट्यात राहतात. ‘दुसर्‍या’ मात्र तुटत राहिला. आपला हा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: काही जण नुक्त्याचा ऱ घेतात, काही जण साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक घालतात. तो जोडक देवनागरीच्या पट्ट्यात नाही. मग तोही कंसात घाला, दंड काढा, आकडे काढा. त्या एका ओळीवर माझी आख्खी दुपार गेली.

तोच मजकूर पर्लला दिला. वर दोन ओळी लिहाव्या लागल्या: एक, कोड स्वतः यूटीएफ-८ मध्ये आहे हे सांगणारी, दुसरी, येणारा-जाणारा मजकूरही तसाच आहे हे सांगणारी. खाली तेच बॅकस्लॅश-डब्ल्यू. ‘मराठी’ सलग आलं. ‘विठ्ठल’ दंड सोडून आला. ‘दुसर्‍या’ही सलग आला, कारण ५.१८ या आवृत्तीपासून पर्ल तो न दिसणारा जोडकही शब्दाचाच भाग धरते. (दोन तऱ्हांचे र एक करून घेणं दोन्ही भाषांत आपल्यालाच करावं लागतं, ते कुणीच करून देत नाही.)

दुसरी गोष्ट क्रमवारीची. दोन्ही भाषा साध्या क्रमाने लावतात तेव्हा ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे येतो, कारण युनिकोडात त्याची जागा तिथे आहे. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर. म्हणजे ‘कळ’ हा शब्द ‘कवच’च्या आधी जाऊन बसतो, आणि ज्याने शब्दकोश हाताळला आहे त्याला ते लगेच खुपतं. पर्लसोबतच युनिकोडप्रमाणे क्रम लावणारं मॉड्यूल येतं, त्यात मराठीची वेगळी नियमावली आहे. पायथनमध्ये यासाठीही बाहेरचं काही तरी आणावं लागतं.

आता पर्लची बाजू दाखवली तशी तिची दुखणीही सांगायला हवीत. वरच्या त्या दोन ओळींपैकी एखादी विसरलात तर काही वेळा इशारा मिळतो, काही वेळा नुसता कचरा छापला जातो, आणि नवशिक्याला कुठे चुकलं ते उमगत नाही. डॉलर, ॲट, टक्का ही चिन्हं नावांआधी लावायची सवय व्हायला महिनाभर जातो. यादीत कोश (नाव आणि त्यापुढे माहिती अशा जोड्यांचा साठा) आणि कोशात पुन्हा यादी असा पसारा असेल तर पायथन कितीतरी सुटसुटीत वाटते. नोकरीसाठी शिकत असाल तर पर्लच्या जागा मोजक्याच दिसतील. पण एक भरवसा आहे: पर्ल ५ मध्ये लिहिलेली जुनी स्क्रिप्ट नव्या आवृत्तीवर सहसा तशीच चालते. पायथन दोनमधून तीनमध्ये जाताना माझ्या सगळ्या फायली पुन्हा हाताळाव्या लागल्या होत्या. पुस्तकांचं काम वर्षानुवर्षं चालतं, तिथे याला किंमत आहे.

आणि फॉन्ट बदलायचं काम. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप केलेली असते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर हवी. जोडाक्षर असेल तर अख्खं जोडाक्षर ओलांडून. असे शेकडो बदल एकापाठोपाठ, ठरलेल्या क्रमाने करायचे. पर्लमध्ये प्रत्येक बदल एक ओळ, आणि फाइल जागच्या जागी बदलण्याची सोय आज्ञेतच आहे. पायथनमध्येही हे होतं, फक्त प्रत्येक ओळीभोवती थोडं जास्त लिहावं लागतं. हा कदाचित माझ्या हाताच्या सवयीचाही भाग असेल.

तुमच्या कामात मजकूर थोडा आणि आकडे जास्त असतील, किंवा चार जणांनी मिळून कोड सांभाळायचा असेल, तर पायथन घ्या आणि पहिल्याच दिवशी ते बाहेरचं मॉड्यूल बसवून टाका. एकट्याने, मराठी पानांच्या ढिगाशी बसणार असाल तर पर्लला एक आठवडा देऊन पाहा. स्वतःच्याच मजकुराचं एक पान घ्या, दोन्हींतून शब्द काढा, आणि यादीतले पहिले वीस शब्द मोठ्याने वाचा.